पुलावरचा पहिला मान

विश्वामित्री नदीवरच्या नव्या पुलावरून पहिली गाडी कुणाची जायची, यावरून पूल कमिटीत वर्षभर भांडण चाललं होतं. पूल भक्कम आहे की नाही, हे मात्र एकाच बैठकीत, चहा निवायच्या आत ठरलं होतं. मथुराबाईंना सगळं पाठ होतं. त्यांचे यजमान दामोदरपंत कमिटीचे अध्यक्ष, आणि पहिला मान आपलाच, हे ते रोज जेवताना ऐकवायचे.

उद्घाटनाच्या सकाळी रिवाजाप्रमाणे पुलाची मजबुती पारखायला आधी हत्तीखान्यातली म्हातारी हत्तीण आणली. तिनं पुलावर एक पाय टेकवला, सोंडेनं चाचपून पाहिलं आणि पाय मागे घेतला. माहुतानं अंकुश टोचला, ऊस दाखवला, पण ती जागची हलेना.

कमिटीला एकदम शिष्टाचार आठवला.

"आधी आपण, सरदारसाहेब," दामोदरपंत लवून म्हणाले.

"छे, छे, मान अध्यक्षांचा," म्हणत, वर्षभर त्याच मानासाठी पंतांशी भांडलेले सरदार जगदेवराव मागे सरले.

मथुराबाई हार घातलेल्या गाडीशेजारी उभ्या होत्या. "बसा की आता," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभर याच्यासाठीच घसा कोरडा केलात ना?"

पंतांना त्या क्षणी ऐकू येईनासं झालं.

मागे खंडेराव मार्केटला निघालेल्या भाजीच्या गाड्या खोळंबल्या होत्या. टोपल्यांवर बायकापोरं बसली होती. त्यांच्याकडे नजर जाताच कमिटी आंब्याखाली जमली, आणि वर्षात पहिल्यांदाच एकमतानं ठराव झाला.



"पूल रयतेसाठी आहे. पहिला मान रयतेचा."