तपासणीची दाढी

"अगं, ह्यो गाल झालाय. परत सोलतीस व्हय मला?"

गेणबा आबा दातांतल्या दातांत पुटपुटले. त्यांच्या बायकोचं, म्हाळसाबाईचं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब होतं, म्हणजे ऐकू तिला नक्की गेलं. हनुवटी धरून तिनं मान वळवली आणि त्याच गालाला पुन्हा साबण लावला.

"तपासणी हाय आज, म्हणून," आबा दाराकडं बघत म्हणाले. दारात लेक ललिता उभी होती, सकाळच्या पहिल्या गाडीनं शिरूरहून आलेली. तिनं मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली.

माजी सैनिकांची एक संस्था होती. थकलेल्या जवानाला आणि त्याच्या बायकोला सांभाळायला ती घरी बाई पाठवायची. बाई दिवसभर थांबायची, उचलून बसवायची, अंघोळ घालायची, औषधपाणी बघायची. खरी गरज कुणाला आहे ते बघायला संस्थेचे सुभेदार आज आबांच्या गावी, कासुर्डीत येणार होते. आबांची उजवी बाजू वर्षापूर्वी लुळी पडली होती. बाई मिळाली तर दोघं याच घरात राहणार होते. नाही मिळाली तर काय, हे पोरांनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. आई ललिताकडं शिरूरला, आबा मुलाकडं, रोहिदासकडं पुण्याला. दोघं मिळून कुणाच्याच घरात मावत नव्हते.

आता तपासणी म्हटलं की आबांना एकच अर्थ ठाऊक. ते हवालदार होते त्या पलटणीत साहेब बघायला यायचे तेव्हा खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती दिसली तर शिक्षा व्हायची. तेव्हा कालपासून घरात हुकूम सुटत होते. चादर ताण. डब्यांची रांग लाव. बूट चमकव. आबा खाटेवरून बोलायचे आणि म्हाळसाबाई करायची. "मीठ घातलंस. आता झाकण. आता गॅस बंद." खाटही अशी लावून घेतलेली, की मान न वळवता गॅस दिसावा. गावात लोक हसायचे. म्हणायचे, हवालदाराची अख्खी पलटण गेली, एक जवान तेवढा उरलाय, त्याला काय म्हातारा सोडत नाही.

सुभेदार आले तेव्हा आबा उशांना टेकून ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं, न चालणाऱ्या पायांत आरशासारखे बूट. डाव्या हातानं सलाम ठोकता येत नाही, म्हणून त्यांनी नुसती छाती पुढं काढली.

सुभेदारांनी घर बघितलं. न्हाणीघर बघितलं, औषधांचे डबे बघितले. आबांची पाठ बघितली, कुठं जखम नव्हती. चहा पिताना ते इतके खूश झाले, की ललिता चहा ओतायची थांबली.

"आबा, अशी ठेवलेली माणसं मी कमी बघितली," ते म्हणाले. "मावशी खंबीर आहेत. भांडगावात आपला एक गडी एकटाच पडून असतो, पाणी द्यायलाही कुणी नाही. बाई सध्या एकच आहे. ती आधी तिकडं द्यावी म्हणतो. तुमचं पुढच्या वर्षी बघू."

आबांनी इतक्या कष्टानं तयारी केलेली तपासणी पास झाली होती.

ललितानं तोंड उघडलं. आबांनी तिच्याकडं बघून मान हलवली, जेमतेम दिसेल इतकीच. तिनं तोंड मिटलं आणि कपबश्या उचलायला घेतल्या. बाहेर हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर पाटसच्या दिशेनं चालले होते. ते पार जाईपर्यंत कुणाचं बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि तेवढ्यानं सगळ्यांची सोय झाली.

सुभेदार उठले. जाता जाता, माणुसकीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मावशी, जमतंय ना तुम्हाला सगळं?"

"जमतंय की तिला," आबा म्हणाले.

"आबा, मी मावशींना विचारलं."

"तिला कमी ऐकू येतं," आबा घाईनं म्हणाले. हे खोटं होतं, आणि आबांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांचा डावा हात चादरीवर मूठ करून बसला. ती ताणलेली चादर पहिल्यांदाच चुरगळली.

म्हाळसाबाईनं ती सुरकुती हातानं सरळ केली. मग खाटेच्या कडेला बसली, पदर नीट घेतला आणि सुभेदारांकडं बघितलं.

"ऐकू येतं मला," ती म्हणाली. "ध्यानात ऱ्हात न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून ही दोघं बोलत न्हाईत. आवो साहेब, सकाळी दाढी करताना कवा कवा ह्यो माणूस कोण हाय, त्येच मला कळत न्हाई. तरी करते. म्हणते, कुणाचा का असंना, म्हातारा हाय, एका अंगानं गेलेला, त्याचं दुसरं कोण करनार."