थिजलेलं तेल

संक्रांत आली तरी लिंबायतमध्ये पंखे बंद होत नव्हते. आमच्या गल्लीतली खुळी माणसं मात्र हिवाळा आहे म्हणून स्वेटर घालून घाम पुसत हिंडत होती. माझा नवरा योगराज त्यांतलाच.

सकाळी त्यानं खोबरेल तेलाची बरणी माझ्यापुढे धरली. तेल पांढरं, घट्ट थिजलं होतं.

"मायले थंडी वाजी राह्यनी," तो म्हणाला.

माय म्हणजे माझी सासू शोभाबाई. ती दिवाळीतच गेली होती. थिजलेलं तेल ती कधी उन्हात ठेवू द्यायची नाही. वाकड्या बोटानं खरवडून माझ्या डोक्यावर थापायची आणि डोळे ताणले जाईपर्यंत वेणी आवळायची.

"तुमची अक्कल थिजलीय," म्हणत मी बरणी गच्चीवर उन्हात ठेवली.

दुपारी आणायला गेले, तर काचेचा हाताला चटका बसला. तेल तसंच घट्ट होतं. मधोमध वाकड्या बोटाची ताजी खूण होती.

याचेच चाळे, असं पुटपुटत मी कपाळावरचा घाम पुसला. हाताला गार तेल लागलं.

सकाळी न्हाल्यापासून माझे केस मोकळेच होते. आता हळूहळू डोळे ताणले जाऊ लागले.