फीबलचं मूळ

"सर, पकड अजून फीबल आहे हं," घरंगळलेला रबरी चेंडू उचलत फिजिओथेरपिस्ट म्हणाली आणि निघाली.

अर्धांगवायूनंतर पहिल्यांदाच देवस्थळी सरांचे डोळे लकाकले. जन्मभर इंग्रजी शिकवलेले सर. मूळ शोधल्याशिवाय शब्द सोडतील कसे? "कुंदा, मोठा कोश आण!"

बायकोने कोश त्यांच्या मांडीवर उघडून वाचलं, "फीबल म्हणजे दुबळा. लॅटिनमधून आला. मूळ अर्थ, ज्याच्यासाठी रडावं असा."

"वा!" सर खुलले. "म्हणजे मी फीबल नाहीच. तू कुठे रडलीस एकदा तरी?"

कुंदाने कोश मिटला. "रोज तुम्हाला भरवून झालं की मोरीत नळ मोठा सोडून बसते, ती काय धुणं धुवायला?"

सरांनी उजव्या हाताने तिची बोटं धरली. पकड फीबलच होती. तिने बोटं सोडवली नाहीत.