गुळाचा खडा

सबनीस कारकुनाने टेबलाखालून काठी काढली. टोकाला लोखंडी टोपण होतं. ती त्याने दौलतच्या हातात दिली.

"ही शेवटची परीक्षा. फाटकाबाहेर जे बसलेत, त्यांना सडकेपर्यंत हाकलून लाव. साहेब खिडकीतून बघणार आहेत."

दौलत काठीकडे बघत राहिला. दरवानाच्या एका जागेसाठी कंपनीने आठ महिन्यांत त्याला याआधी नऊ वेळा बोलावलं होतं. एकदा उंची मोजली, एकदा छाती. एकदा उन्हात पळवलं. पाटलाचा दाखला आणला तर शिक्का पुसट निघाला, दुसरा आणला तर पहिला कुठाय म्हणून विचारलं. बैल घेतानासुद्धा माणूस इतक्यांदा दात बघत नाही.

"नुसतं सांगितलं तरी उठतील की ते, रावसाहेब. रोजचीच माणसं हायती."

"नुसतं सांगायला मी आहे. जमत नसेल तर काठी ठेव, पुढचा बोलावतो."

दिवा गावात मेहुण्याच्या एका खोलीत सात माणसं राहत होती. आज नोकरी नाही झाली तर बायकोला, मालनला घेऊन गावाकडं चालू लागा, असं मेहुण्याने सकाळीच ऐकवलं होतं. दौलतने काठी घट्ट धरली आणि तो फाटकाबाहेर आला.

बाहेर चिंचेखाली पंधरावीस जण बसले होते. आजवर तोही त्यांच्यातच बसत आला होता. त्यांनी आपापसात एक रीत ठरवली होती. ज्याला नोकरी लागेल त्याने बाहेर येताच सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवायचा. म्हणून आत जाताना जो तो खिशात खडा घेऊनच जाई. दौलतचा खडा नऊ वेळा आत जाऊन तसाच परत आला होता आणि फडक्यात काळा पडला होता.

कंपनीची काठी बघताच सगळे उठले.

"लागली! दौल्याला लागली रं! गूल काड, गूल!"

सगळ्यांत पुढे रघु होता. खाडीकाठचा, मिठागरात राबलेला. आठ महिने त्याने आपली भाकरी दौलतबरोबर अर्धी करून खाल्ली होती. हमालीसाठी सोमवारी त्याला अडीच मणांची गोणी उचलून दाखवायची होती.

"मागं सरा," दौलत म्हणाला. "सडकेवर जावा."

"आतापासूनच सायेब झाला बग!" रघु हसला आणि त्याने उजवा तळवा दौलतच्या नाकासमोर धरला. "दे!"

मागे खिडकीची काच वाजली. एकदा. मग पुन्हा.

दौलतने काठी मारली. ती मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. रघु आपल्या हाताकडे बघत राहिला. पंजा लोंबत होता.

मग दौलत थांबलाच नाही. एकाच्या गुडघ्यावर, पळणाऱ्याच्या पाठीवर, धड उठताही न येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या कानावर. कान फाटला आणि सदरा रक्ताने भिजला. राग आठ महिन्यांचा होता, पण निघाला भलत्यांवर. हे त्यालाही कळत होतं, तरी हात आवरत नव्हता. सडकेपर्यंत मैदान मोकळं झालं तेव्हाच तो थांबला.

काठी घेऊन तो आत आला. सबनीसाने कागदावर खूण केली.

"शाब्बास. साहेब खूश आहेत."

"मग उद्यापासनं येऊ?"

"उद्या कसा? आता डॉक्टर. सोमवारी ये."

"शेवटची परीक्षा म्हणला होता तुम्ही."

"आमच्या खात्याची शेवटची. डॉक्टरांचं खातं वेगळं. आणि ती काठी पुसून ठेव, कंपनीची आहे."

दौलतने काठी पुसली, ठेवली आणि तो बाहेर आला. चिंचेखाली एकटा रघु उरला होता. मोडलेला हात मांडीवर घेऊन तो बसला होता. मनगट मडक्याएवढं सुजलं होतं. दौलत त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याने फडकं सोडलं आणि काळा खडा रघुपुढे ठेवला.

"लागली?" रघुने विचारलं.

"नाय. सोमवारी बोलावलंय."

रघुने खड्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तो उचलून त्याने दौलतच्या खिशात परत टाकला.

"मंग ठेव तुज्याकं. माजा हात तं फुकटच गेला."