अर्जाला जोडलेला फोटो

ओला, थंड कागद. डोळ्यांना दोन भोकं. टी ट्री तेलाचा झोंबरा वास. दुकानाच्या भिंतीवर सकाळीच लागलेलं या मास्कच्या जाहिरातीचं पोस्टर. काउंटरवरची विक्रेती गिऱ्हाईक बाईंच्या तेलकट गालांवर शीट मास्क बसवत होती. बाईंनी विचारलं, "अगं, पोस्टरवर 'आधी' लिहिलंय, ती तूच ना?" तिने वळून पाहिलं. मुरुमांनी भरलेला तो चेहरा तिचाच होता. शेजारी 'नंतर'खाली मालकाची भाची हसत होती. विक्रेतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला विचारलंत?" ती गल्ल्यावरच्या मालकावर ओरडली. मालक खिदळला, "अगं, नाव कुठे छापलंय तुझं?" "तुमच्या भाचीला जन्मात एक पुटकुळी तरी आलीय?" तिने नवा मास्क उघडला आणि पोस्टरवरच्या भाचीच्या तोंडावर फाडकन थापला. "घ्या! वीस मिनिटांनी बघा, माझ्यासारखी होते का!" बाईंनी स्वतःचा मास्क सोलून काढला. 'आधी'चा तो फोटो विक्रेतीने याच दुकानातल्या नोकरीच्या अर्जाला जोडला होता.