विहिरीचा नमुना

मनीषा मोटरचं बटण दाबायला निघाली, तेव्हा सासूने तिला मध्येच अडवलं.

"मी भरते बाटली. तू जा, साहेबांना चहा टाक."

मनीषाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. याच नवसाबाईंनी कंपनीच्या गेटसमोर ठिय्या दिला होता. पोलीस उचलायला आले तरी त्या जागच्या हलल्या नव्हत्या. आणि आज चहा!

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचा रोहित. गाडीतला एसी चालू ठेवून, नाकाला रुमाल लावून तो आतच बसला होता. त्याला दोष तरी काय द्यायचा? वासच तसा होता. दिंडोरी रस्त्यावरची ती कंपनी मशीनचे भाग धुतलेलं केमिकल मागच्या खड्ड्यात सोडायची, आणि वाडीच्या विहिरीला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास मारायचा. मनीषाच्या लेकीची, वेदिकाची पाठ चट्ट्यांनी भरली होती. तरी दर वेळी अहवाल यायचा, पाणी पिण्यास योग्य. प्रयोगशाळा कंपनीनेच लावून दिलेली, मग दुसरं काय येणार?

वाडीने आरडाओरडा केला म्हणून सध्या टँकर येत होता. या वेळचा अहवालही चांगला आला की तो बंद होणार, आणि पोरीला पुन्हा तेच पाणी पाजावं लागणार. मनीषाला रात्री झोप लागत नव्हती ती याच धास्तीने.

रोहितने काच जराशी खाली केली. तपकिरी काचेची बाटली बाहेर देत त्याने बसल्या जागेवरून धडा वाचला. मोटर लावा, पहिली धार सोडून द्या, मग काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहता कामा नये, झाकण घट्ट लावा.

"बरं साहेब. तुम्ही कशाला उन्हात येता?" असं म्हणून नवसाबाई पदर सावरत मोटरच्या खोलीमागे गेल्या.

मनीषा चहा घेऊन आली तोवर बाटली बर्फाच्या पेटीत जाऊन पडली होती. रोहितने चहा मात्र घेतला नाही. टँकरचं पाणी आहे म्हणून सांगितलं तरी घेतला नाही.

गाडी गेल्यावर मनीषाचा तोल सुटला. निदान बाटली तरी त्याला स्वतः भरायला लावायची होती, असं ती सासूला तोंडावर म्हणाली. आदल्या दिवशी सगळी वाडी तयारीला लागली असताना नवसाबाई हरसूलच्या बाजाराला गेल्या होत्या, माहेरच्यांना भेटून आल्या होत्या. तेही तिने बोलून दाखवलं. नवसाबाई झेंडूच्या वाफ्यात खुरपत राहिल्या. म्हातारी कंपनीला मिळाली, अशी कुजबुज वाडीत सुरू झाली. ऐकून मनीषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सासूशी बोलणंच टाकलं.

अहवाल आला तो भर ग्रामसभेत. सरपंच देवराम खुर्चीत बसले होते. रोहितने उभं राहून ठणठणीत आवाजात वाचलं. केमिकल नाही, वास नाही, रंग नाही. पाणी पिण्यास योग्य.

मनीषा उठली. "टँकर बंद करायचा तर करा," ती म्हणाली. "आधी माझ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवून बघा. कुणाच्यात हिंमत हाय?"

नवसाबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि त्या रोहितकडे वळल्या. बाटल्यांची अदलाबदल तर झाली नसेल ना, असं त्यांनी अगदी गरीब आवाजात विचारलं.

रोहितला ते लागलं. सील तुमच्यासमोर लावलं, माझ्यासमोर फोडलं, मी स्वतः मशीनवर तपासलं आणि खाली माझी सही आहे, असं त्याने सुनावलं. "लहान मुलांनाही बिनधास्त पाजा, मावशी."

"हे लिहून घ्या, सरपंच," नवसाबाई म्हणाल्या. देवरामांनी लिहून घेतलं.

मग त्या ताठ उभ्या राहिल्या. "आता पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. मी कुठं पळत नाय. साहेब, तुम्ही पहिली धार सोडायला सांगितली व्हती. मी नाय सोडली. त्या बाटलीत विहिरीचं पाणी नव्हतंच. मोहाची व्हती, पहिल्या धारेची."