अखाजीची शिवी

"तारीच्या डोक्यात उवांची जत्रा,
पाळणे लागलेत सोळा-सतरा!"

नूतननं शिवी अशी खणखणीत फेकली, की डिंडोलीच्या खाडीपलीकडच्या पोरी हसायच्याच विसरल्या. आवाज तिला घरचाच. बापाचे, योगराजचे, कान कापडाच्या लूमच्या खडखडाटात अर्धे गेलेले, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत. आता तारी काय परत फेकते म्हणून अलीकडच्या पोरी कान टवकारून उभ्या राहिल्या.

तारीनं चक्क हात जोडले. "नूतन, तुला नाही वं बोलणार आम्ही. देवानं आधीच तुझं वाटोळं केलंय, आम्ही अजून काय करायचं?"

झालं! नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला.

अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. खानदेशात या दिवशी पोरी नदीच्या काठावर जमतात आणि पलीकडच्या गावच्या पोरींना पोटभर शिव्या घालतात. राग धरायचा नाही, आयांनी मध्ये पडायचं नाही, आणि जिला शिवी आली तिनंच उत्तर द्यायचं. तिथून सुरतेला, या डिंडोलीत, पोट भरायला आलेल्यांना लूम मिळाले, भाड्याच्या खोल्या मिळाल्या, पण तापी राहिली लांब. मग दोन सोसायट्यांच्या मधून एक गटार वाहत होतं, त्याला इथले लोक खाडी म्हणत, तीच नदी मानून घेतली. वास यायचा. पण शिव्या घालायला आलेल्या माणसानं नाक मुरडून कसं चालेल?

नूतन अकरा वर्षांची. पोलिओनं दोन्ही पाय लुळे. कुठल्याशा शिबिरात मिळालेली, हातानं फिरवायची तीनचाकी तिच्या बुडाखाली, आणि जीभ मात्र चौखूर उधळलेली. गेली दोन वर्षं सोसायटीच्या सगळ्या शिव्या तीच जुळवायची. मैत्रिणीच्या, सोनालीच्या, कानात सांगायची, सोनाली ओरडायची, आणि पलीकडून उलटी शिवी यायची ती सोनालीला. मेहनत हिची आणि शिव्या खाणार ती! यंदा नूतननं बजावलं होतं, "माझी मी ओरडेन. मला माझी शिवी पाहिजे."

आणि आता ही तारी देवळात आल्यासारखी हात जोडून उभी.

नूतननं मग काही शिल्लक ठेवलं नाही. तारीचं नाक काढलं, तिच्या मामाचं टक्कल काढलं, घरची शेळीसुद्धा सोडली नाही. पलीकडून दर वेळी तेच. "जाऊ द्या वं, बिचारी!" एक तर म्हणाली, "पाणी पाजा तिला, दमली असेल." तीनचाकीमागं नूतनची आई उभी होती, सरलाबाई. तिचा ऊर भरून आला.

"माय वं, किती गुणाच्या पोरी!"

"गुणाच्या कसल्या? मेल्या आहेत," नूतन पुटपुटली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं फ्रॉकच्या बाहीला पुसलं. लगोरीत घेत नाहीत, का तर बिचारी. शाळेच्या सहलीला नेत नाहीत, का तर बिचारी. निदान शिव्यांत तरी माणसात धरा की! तिला रडू आलं होतं आणि त्याहून जास्त राग.

अजून एक शिवी शिल्लक होती. तीन दिवस राखून ठेवलेली. यंदा अखाजीचे मांडे, म्हणजे खापरावरच्या त्या मोठाल्या, रुमालासारख्या पातळ पुरणपोळ्या, आपण भाजणार, असं तारी तीन दिवस दोन्ही सोसायट्यांत सांगत हिंडली होती. तेरा वर्षांच्या पोरीला मांडा जमला म्हणजे काय चेष्टा आहे! सकाळपासून तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

नूतननं छाती भरून घेतली.

"तारीचा मांडा, तारीचा मांडा,
चपलेला लावा नि रस्ता हिंडा!"

दोन्ही काठांवर हशा फुटला. तारीच्या बाजूच्या दोघी तर पोट धरून खाली बसल्या. तारी लालबुंद. जोडलेले हात सुटले, ओढणी कमरेला खोचली गेली.

"तू हिंडशील वं, लंगडे? दिवाळीच्या चपला तुझ्या, अजून तळाला धूळ नाही!"

सोनालीनं तोंडावर हात घेतला. तारीनंही जीभ चावली, पण शिवी तर सुटून गेली होती. सरलाबाईचं डोकंच फिरलं. तिनं पदर खोचला, हाताशी आली ती नूतनच्याच पायातली चप्पल ओढून काढली आणि खाडीच्या उतारावर पाय टाकला.

"थांब, तुझ्या नानाची टांग! माझ्या पोरीला लंगडी म्हणतेस?"

मागून पदराला हिसका बसला. सरलाबाई वळली. पोरगी रडत असेल म्हणून वळली, तर पोरीचं हसू तोंडात मावत नव्हतं.

"आई, मध्ये पडायचं नाही! 'रस्ता हिंडा' मी काय उगीच म्हटलं? तीन दिवस हा खड्डा खणतेय मी. आत्ता कुठं पडली ती. दे ती चप्पल इकडं."

सरलाबाईनं मुकाट्यानं चप्पल दिली. नूतननं ती उंच धरली, कोरा तळ पलीकडच्यांना नीट दिसेल अशी.

"माझ्या चपला नव्याच्या नव्या,
तारीच्या थोबाडाला दोन्ही हव्या!"

तारीनं एकदा चपलेकडे पाहिलं, एकदा नूतनकडे. मग तिनं बाह्या वर सारल्या, आणि पलीकडच्या सगळ्याच जणी शिव्या घेऊन एकदम नूतनवर तुटून पडल्या.